हात उगारला नाही, पण पगारही हातात आला नाही

प्रश्न: मी सोलापुरात एका अनुदानित शाळेत शिक्षिका आहे, वय ३६. पगार माझ्या खात्यात जमा होतो, पण एटीएम कार्ड लग्नापासून मिस्टरांकडे आहे आणि खात्याला मोबाइल नंबरही त्यांचाच आहे. रोज सकाळी ते रिक्षासाठी १०० रुपये टेबलावर ठेवतात, संध्याकाळी उरलेले परत मागतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या टॉवेल कारखान्यासाठी मी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं, हप्ते अजून माझ्या पगारातून कापले जातात. दागिने सासूबाईंच्या कपाटात. आता पुढच्या आठवड्यात बँकेच्या एका मोठ्या कर्जावर सहकर्जदार म्हणून सही करायला चल म्हणतात. त्यांनी हात कधी उगारला नाही, दारू नाही, बाहेर लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. आई म्हणते, पैसा घरातच जातोय ना. याला छळ म्हणायचं का? आणि मी सही करू का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याला तारीख आहे. जमेल त्या मार्गाने ती सही टाळा. सहकर्जदार म्हणून सही केली की कर्ज निम्मं तुमचं होत नाही, सगळंच तुमचं होतं. उद्या कारखाना बसला आणि हप्ते थकले, तर बँक आधी नियमित पगार असणाऱ्याकडे येते, आणि तुमच्या घरात नियमित पगार तुमचा आहे. जामीनदार म्हणून सही केली तरी फार फरक पडत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरतं. पुढे कधी वेगळं राहायची वेळ आली, अगदी घटस्फोट झाला, तरी बँकेच्या कागदावरची सही जागच्या जागी राहते. लग्न मोडलं म्हणून बँकेचा करार मोडत नाही.

सही टाळायची कशी, ते पुढे लिहिलंय. त्याआधी तुमचा पहिला प्रश्न, कारण तो तुम्ही स्वतःला बरीच वर्षं विचारत असणार.

हो, हा छळ आहे. बावीस वर्षं मी सोलापुरात कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागासाठी कांड्या भरणाऱ्या, गणवेश शिवणाऱ्या, दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर, झेडपीच्या शिक्षिका, सगळ्या माझ्यासमोर बसून गेल्या आहेत. कुणी मराठीत बोललं, कुणी तेलुगूत, कुणी कन्नडमध्ये, कुणी उर्दूत. सुरुवात मात्र बहुतेकींची तीच: "मारत नाहीत ओ, पण..." त्या 'पण'च्या पुढे जे येतं, ते ऐकण्यातच माझं निम्मं काम आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते, नाहीतर गैरसमज होतो. घरातला पैशाचा व्यवहार नवरा बघतो, एवढ्यावरून छळ ठरत नाही. जुळे सोलापुरातलं एक जोडपं मला माहीत आहे. ती परिचारिका, पगार आला की सगळा नवऱ्याकडे. "मला आकडे नकोत बाई, डोकं दुखतं," म्हणते. पण तिच्या आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने सांगितलं, ४०,००० लागतील, आणि त्याने एवढंच विचारलं की कुठल्या खात्यातून काढू. ठेवीची पावती कुठे आहे, विम्याचा हप्ता कधी असतो, हे तिला माहीत आहे. तिथे मला काही वावगं दिसत नाही. उलट दुसऱ्या एका घरात कार्ड बाईच्याच पर्समध्ये होतं, पण पैसे काढले की मेसेज नवऱ्याच्या फोनवर जायचा आणि पाच मिनिटांत त्याचा फोन यायचा: "पाचशे कशाला लागले?" हळूहळू तिने पैसे काढणंच बंद केलं. कार्ड पर्समध्ये तसंच पडून. छळ तिथे होता.

म्हणून हिशोब कोण ठेवतं हे मी शेवटी विचारते. आधी विचारते, तुम्हाला हिशोब विचारता येतो का? आणि विचारल्यावर घरात काय होतं? काही घरांत ताट सरकवलं जातं. काही घरांत तीन-तीन दिवस अबोला. काही घरांत मुलांना सांगितलं जातं, "तुमच्या आईला पैशाची हाव सुटलीय." काही घरांत माहेराचा उद्धार होतो. असं दोन-चारदा झालं की बाई विचारायचं सोडते, आणि मग बाहेरून ते घर शांत, सुखी दिसतं. हात न उगारताही धाक बसतो, तो असा.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. संध्याकाळी उरलेले पैसे परत मागतात. त्या १०-२० रुपयांवर कुणाचा टॉवेल कारखाना चालत नाही. मग ते मागायचे कशाला? दिवसभर वर्गात उभं राहून, पगार कमावून आलेल्या बाईने रोज संध्याकाळी हात पुढे करून हिशोब द्यावा, यासाठी. पैसा मुख्य नसतोच, रोजचं ते उभं राहणं मुख्य असतं. अकरा-बारा वर्षं असं उभं राहिलं की बाईला भाजी घेतानाही कुणाची तरी परवानगी घ्यावीशी वाटायला लागते. दुकानात स्वतःसाठी ३०० रुपयांची चप्पल घेताना जिचे हात थरथरतात, अशी पदवीधर बाई मी पाहिली आहे.

तंगी आणि छळ यांतही फरक करायला हवा, कारण आपलं गाव मजुरीवर जगणारं. सुताचा भाव चढला, माग आठवड्यातून दोन दिवस बंद राहिले, की अख्खी घरं पोट आवळतात. तिथे मी बघते की कुणाकुणाचं पोट आवळलं गेलं. घरात तेल मोजून वापरलं जातंय आणि त्याचं पेट्रोल, मित्रांबरोबरचं जेवण, नवा मोबाइल मात्र चालू आहे, तर त्या घरातली तंगी फक्त बाईपुरती आहे.

पैसा अडवून धरणं हे लोकांना लवकर ओळखू येतं. कमाई अडवणं तितकं येत नाही. शिक्षक पात्रता परीक्षेच्या आदल्या रात्री हॉल तिकीट सापडेनासं होतं. मुलाखतीच्या सकाळी गाडीची किल्ली हरवते. रात्रपाळी लागली की सासू आजारी पडते. सुटं सुटं पाहिलं तर योगायोग. ओळीने लिहून काढलं की पुसट काही राहत नाही. असं झालेल्या एका मुलीने तीन नोकऱ्या सोडल्या, आणि मग तोच नवरा नातेवाइकांत सांगत फिरायचा की हिला कुठे टिकताच येत नाही.

आणि सगळ्यात जड प्रकार म्हणजे बाईच्या नावावर कर्ज. हे आपल्याकडे घरोघर आहे, म्हणून याच्यावर जरा थांबते. मायक्रोफायनान्स कंपन्या बायकांचे गट करून बिनतारण कर्ज देतात. नाव बाईचं, सही बाईची, आधार बाईचं. रक्कम मात्र उंबरा ओलांडायच्या आत नवऱ्याच्या हातात. हप्त्याच्या दिवशी बैठकीला जायचं बाईने. हप्ता नसेल तर गटातल्या बाकीच्या बायका दारात येतात, त्याही शेजारणीच, त्यांचंही नाव अडकलेलं. विडीच्या मजुरीतून तीन-तीन कंपन्यांचे हप्ते भरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि तिन्ही कर्जांतला एक रुपया त्यांनी खर्च केलेला नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा घराचे सगळे कर्जहप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. हे बैठकीत कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते.

एका विडी कामगार बाईचा भविष्यनिर्वाह निधी असाच गेला. रेशन कार्डाचं काम आहे म्हणून नवऱ्याने फॉर्मवर अंगठा घेतला. पैसे तिच्याच खात्यात आले आणि तिच्याच कार्डाने दुसऱ्या दिवशी निघाले. तिला कळलं ते दीड वर्षाने, कारखान्यात पुस्तक बघायला गेली तेव्हा. अठरा वर्षांची बोटं त्यात होती. आता 'लाडकी बहीण'चे महिन्याला १,५०० रुपये बायकांच्या खात्यात थेट येतात, त्यातल्याही कितीतरी जणींचं कार्ड दुसऱ्याच्या खिशात असतं. खातं नावावर असणं आणि खातं हातात असणं, यांत फार अंतर आहे.

मला स्वतःलाही इथे एक कबूल करायचं आहे. या कामात येण्याआधी सहा वर्षं मी एका बँकेच्या कर्ज विभागात होते. नवरा पुढच्या खुर्चीवर, बायको मागच्या बाकावर. "मॅडम, सही कुठे करायची तेवढं दाखवा तिला," तो म्हणायचा आणि मी दाखवायचे. फुलीच्या खुणा करून ठेवलेल्या असायच्या. रक्कम किती, व्याज किती, हप्ता बुडला तर काय, हे मी एकीलाही विचारलं नाही की तुम्हाला कळलंय का. पुढे त्यांच्यातल्या दोघी माझ्याकडे समुपदेशनाला आल्या, तेव्हा त्या सह्या मीच घेतल्याचं मला आठवत होतं. म्हणून सहीचा प्रश्न आला की मी इतकी कडक होते.

आता आईंच्या बोलण्याकडे येऊ. पैसा घरातच जातोय ना? जातोय, पण कुणाच्या घरात? पतसंस्थेचा हप्ता १०,००० रुपयांचा धरला तरी ४८ महिन्यांचे ४,८०,००० होतात. एवढ्या पैशांचे माग कारखान्यात उभे आहेत. त्यांची बिलं कुणाच्या नावाने आहेत? शेड कुणाच्या नावावर? राहतं घर? मालमत्ता पत्रक काढून बघा. सगळीकडे मिस्टरांचं किंवा सासऱ्यांचं नाव असेल आणि तुमचं नाव फक्त कर्जाच्या कागदावर असेल, तर मिळकत एकीकडे आणि देणं दुसरीकडे अशी वाटणी तुमच्या नकळत होऊन गेली आहे. आईंना हे कागद दाखवा. त्या पिढीला नुसता शब्द पटत नाही, कागद पटतो.

कायदा याला काय म्हणतो? घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक छळाच्या बरोबरीने आर्थिक छळ लिहिलेला आहे. या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी जो घटनेचा अहवाल भरतात, त्या छापील फॉर्ममध्येच रकाने आहेत: पगार किंवा मजुरी जबरदस्तीने काढून घेणं, नोकरी करू न देणं, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन न विचारता विकणं किंवा गहाण टाकणं. तुमच्या पत्रातल्या गोष्टी तिथे आधीच छापून ठेवलेल्या आहेत. मार लागलेला असण्याची अट नाही. हा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्यांना, आई, बहीण, विधवा सून यांनाही. तक्रार सासूविरुद्धही होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये 'प्रौढ पुरुष' ही अट काढून टाकली.

बायका सर्वांत जास्त घाबरतात ते एका समजुतीमुळे, की तक्रार केली म्हणजे संसार मोडला. या कायद्याखालचा अर्ज घरात राहूनही करता येतो, घटस्फोट मागावा लागत नाही. दंडाधिकारी खर्चाची रक्कम, घरात राहण्याचा हक्क, स्त्रीधन परत, असे आदेश देऊ शकतात. कलम १८ खाली बँक खातं किंवा लॉकर एकट्याने वापरायला, मिळकत परस्पर विकायला मनाई करता येते. हा मनाईचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, त्यामुळे अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागून घ्यायचा. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेला बाहेर काढता येतं, ही समजूतही जुनी झाली. सासऱ्यांच्या मालकीचं घरही सुनेचं 'सामायिक घर' असू शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला.

पगाराबद्दल मनात शंका ठेवू नका. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बाईने स्वतःच्या कौशल्याने, कष्टाने मिळवलेली मिळकत पूर्णपणे तिची. दागिन्यांचंही तसंच. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, सासरच्यांकडे ती फक्त विश्वासाने ठेवलेली असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. कपाट सासूबाईंचं असेल, आतल्या पाटल्या तुमच्या आहेत. आजच आठवून यादी करा: गंठण, पाटल्या, बोरमाळ, कानातली, कुणी दिलं, अंदाजे किती तोळे. लग्नाचे फोटो त्याचा पुरावा असतात. माहेरच्या सराफाकडे बिलाची नक्कल मिळते का, ते भावाकडून विचारून घ्या. आणि दागिने खरंच कपाटात आहेत का, तेही एखाद्या सणाच्या निमित्ताने बघा. सोनेतारण कर्जाला ठेवलेलं सोनं घरात आहे असं समजून वर्षानुवर्षं निर्धास्त राहिलेल्या बायका मला भेटल्या आहेत.

आता करायचं काय. इथे मी तुम्हाला घाई करू देणार नाही. चिडून उद्या बँकेत जायचं, कार्ड बंद करायचं आणि घरी येऊन सांगायचं, असं करू नका. ज्या माणसाने इतकी वर्षं पैशावर ताबा ठेवला, त्याचा ताबा एका दिवसात सुटला की तो आजवर न केलेलं करू शकतो. ज्या घरात कधी मार नव्हता तिथे पहिली थप्पड याच दिवशी बसलेली मी पाहिली आहे. म्हणून आधी माहिती, मग आधार, मग बदल.

माहिती गोळा करायची ती त्यांच्या हाताखालून न जाणाऱ्या मार्गाने. पासबुक घेऊन शाखेत स्वतः जा आणि छापून घ्या. शाळेतून पगारपत्रक आणि फॉर्म १६ ची प्रत घ्या. पतसंस्थेकडे कर्जखात्याचा उतारा मागा, किती फिटलं, किती बाकी, जामीनदार कोण. तुमचे सहकारी शिक्षकच जामीनदार असतील, आणि तुम्ही कुणाला जामीन आहात हेही बघा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तुमच्या नावावर तुम्हाला न सांगता काही घेतलं असेल तर बहुधा त्यात दिसतं. पतसंस्थेचं कर्ज मात्र दिसेलच असं नाही, म्हणून तो उतारा वेगळा. आयकर खात्याच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण असतं, त्यात तुमच्या पॅनवरच्या ठेवींचं व्याज वगैरे कळतं. या ऑनलाइन गोष्टींना ओटीपी लागतो आणि तो नोंदवलेल्या नंबरवर, म्हणजे मिस्टरांच्या फोनवर जाईल. तुमचा स्वतःचा नंबर नोंदवला जाईपर्यंत त्या करू नका.

नंतर स्वतःच्या नावाचं सिम आणि दुसऱ्या बँकेत खातं. पगार आत्ता तिकडे वळवायचा नाही. किमान रकमेची अट नसलेलं मूळ बचत खातं बँकांना द्यावंच लागतं. पत्रव्यवहाराचा पत्ता माहेरचा किंवा विश्वासू मैत्रिणीचा, कागदपत्रंही तिथेच ठेवायची. जुन्या खात्याचा मोबाइल नंबर बदलायचा झाला तर एक धोका लक्षात ठेवा: बदलाचा मेसेज जुन्या नंबरवरही जाऊ शकतो. शाळेत शालार्थ या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतलं खातं बदलायचं असेल तर आधी कारकून आणि मुख्याध्यापक कोणाच्या ओळखीचे आहेत ते बघा. आपलं गाव मोठं झालं तरी बातमी पायी चालत घरी पोहोचते.

कार्ड आणि पिन तुम्ही स्वतः दिला असेल, तर त्यातून गेलेले पैसे बँक भरून देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतः माहिती दिल्यामुळे झालेलं नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, ग्राहकाचंच. संयुक्त खातं असेल तर दोघांच्या सहीशिवाय व्यवहार नको असं पत्र बँकेला देता येतं. पण वाद आहे कळल्यावर बँक खातं दोघांनाही थांबवू शकते, म्हणून घरखर्चाची सोय आधी. आणि सही केलेले कोरे चेक कुठे दिले असतील तर ते आठवा. खासगी सावकाराकडे तसा चेक गेला की तो न वटता परत आल्यावर परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ तुमच्यावर लागतं, पैसे कुणीही खर्च केलेले असोत. विनापरवाना सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, २०१४ चा कायदा आहे.

माहेरच्या आधाराबद्दल एक बोलते, तुम्ही विचारलं नाही तरी. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणींनी सासरच्या छळाच्या आधी माहेरी हक्कसोडपत्रावर सही करून ठेवलेली असते. 'भावाशी संबंध बिघडू नयेत' म्हणून. मग परत जायची वेळ आली की पाय ठेवायला खोली नसते, भावाच्या बायकोचं तोंड बघत राहावं लागतं. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तुम्ही अजून सही केलेली नसेल तर तीही करू नका. बायकांकडून घेतल्या जाणाऱ्या सह्यांत मला ही सर्वांत गोड बोलून घेतलेली सही वाटते.

आता बँकेतली सही. थेट 'करणार नाही' म्हणणं सुरक्षित असेल तर म्हणा. नसेल तर कारण कागदावर ढकला. पतसंस्थेचा हप्ता आधीच कापला जातोय, माझ्या पगारात आणखी बसणार नाही, असं म्हणा. ते खरंही आहे आणि बँकही हेच तपासते. कागद घरी वाचायला मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक आणि लघुउद्योग कर्जांत बँकेने 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणजे व्याज, एकूण खर्च, हप्ते दाखवणारा सोपा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा असतो. तो मराठीत मागा. मागण्यात चार दिवस जातात, ते तुम्हाला हवेच आहेत. त्या चार दिवसांत शाखाधिकाऱ्यांना एकट्या भेटा आणि सांगा की माझी सही माझ्या मर्जीची नाही. दबावाखाली सही घेतल्याचं कळूनही कर्ज देणं बँकेलाही अडचणीचं असतं. आणि इतकं करूनही त्या क्षणी नकार देणं जिवावर बेतेल असं वाटलं, तर सही करा, घरी सुखरूप या, आणि दुसऱ्याच दिवशी वकिलाला भेटा. तुम्ही कमी पडलात असं मी कधीच म्हणणार नाही.

वकिलाचे पैसे कुठून आणू, हा विचार मनात आला असेल. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, दूरध्वनी १५१००. महिलांसाठीची मदतवाहिनी १८१, तातडीला ११२. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, पोलीस मदत आणि काही दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी असतो. फोन शाळेतून करा.

तुमच्या मिस्टरांशी एकदा बसून बोलावं का, असं तुम्ही विचाराल. बोलता येईल, पण 'तुम्ही माझा छळ करता' असं म्हणून नको. "पुढच्या महिन्यापासून पगारातले ५,००० माझ्या हातात राहतील" एवढंच म्हणा आणि काय होतं ते बघा. कुरकुर करून का होईना ऐकणारे नवरेही मी पाहिले आहेत. त्यांच्या घरात तसंच चालत आलेलं असतं, कुणी कधी अडवलेलं नसतं. अशांच्या बाबतीत चार-सहा बैठकांत घर सावरतं. पण त्या ५,००० वरून अबोला, धमकी, मुलांना मध्ये ओढणं सुरू झालं, तर बोलण्याचा टप्पा संपला असं समजा आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा.

अर्जात तारीख-वार लागतात, आणि तुमच्याकडे अजून लिहिलेलं काहीच नाही. उद्या शाळेत गेल्यावर एक शंभर पानी वही घ्या. सकाळी किती दिले, रिक्षाला किती गेले, संध्याकाळी किती परत घेतले, काय बोलले, तारीख घालून रोज दोन ओळी. वही घरी नेऊ नका, स्टाफरूममधल्या तुमच्या कप्प्यात कुलूप लावून ठेवा.